रकान्यात न लिहिलेली गोळी

"सिस्टर, पेशंटला अमिओडॅरोन चालू आहे का?" प्रयोगशाळेतल्या ताईंनी वॉर्डात फोन लावला होता. हातातल्या फॉर्मवर वय, वॉर्ड, निदान सगळं होतं. निदान पक्षाघात, तपासणी थायरॉईडची. 'चालू औषधे' हा रकाना तेवढा कोरा.

मी इथे आले ती मावशीच्या थायरॉईडच्या रिपोर्टमुळे. स्ट्रोकनंतर तिचा टी३ (थायरॉईडचं हार्मोन) कमी आणि टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) थोडा जास्त आला, तेव्हा "आता हेही दुखणं मागे लागलं" म्हणून घरचे हबकले. हृदयाचे ठोके ताळ्यावर राहावेत म्हणून ती घेत असलेल्या गोळीचा विषयही कुणी काढला नाही. गोळी हीच, अमिओडॅरोन.

रक्त गोठू द्यायचं, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, सीरम यंत्रात द्यायचं, हे रोजचंच. पण ताई प्रत्येक नळी आधी उजेडात धरतात. पिवळसर सीरममध्ये फायब्रिनचा तंतू दिसला, तर नळी बाजूला काढतात. तो तंतू यंत्राच्या सुईत अडकला तर आकडाच चुकतो.

"त्या गोळीत वजनाच्या सदतीस टक्के आयोडीन असतं," नळीवरची नजर न काढता ताई म्हणाल्या. सदतीस टक्के! म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे याचा पाचशेवा हिस्सा. ते सगळं एकदम मोकळं होत नाही, पण जेवढं होतं तेही गरजेच्या कितीतरी पट असतं.

हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहिले, की तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. ही थरथर आवरायला अशा काही रुग्णांना अमिओडॅरोन दिलेलं असतं. त्याची रचना थायरॉईडच्या हार्मोनशी मिळतीजुळती. टी४ या थायरॉईडच्याच हार्मोनचं टी३ होण्याची क्रिया ते अडवतं. मग टी३ उतरतो, टी४ चढतो, पहिले तीनेक महिने टीएसएचही वाढलेला दिसतो. ग्रंथी खरोखर मंदावू शकते किंवा भडकूही शकते, आणि भडकली तर हृदयाची थरथर आणखी वाढते. शिवाय गंभीर आजारातही टी३ खाली येऊ शकतो. नुसत्या आकड्यावरून यातलं काय झालंय, हे कुणी कसं सांगावं?

सिस्टरचं उत्तर आलं: हो, महिनाभरापासून चालू आहे. ताईंनी पुढचं विचारलं, "त्याआधीचा थायरॉईडचा रिपोर्ट आहे?" तो नव्हता.

खरं तर गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा आणि मग दर सहा महिन्यांनी ही तपासणी व्हायला हवी. तो पहिला रिपोर्ट असता, तर आजच्या आकड्याला काही अर्थ लावता आला असता. ताईंचं म्हणणं मला पुरतं पटलं: औषधांची यादी हा तपासणीचाच भाग आहे. त्या यादीत बंद केलेली गोळीही हवी, कारण अमिओडॅरोन चरबीत साठतं आणि बंद केल्यावरही कित्येक महिने थायरॉईडवर परिणाम करत राहतं.