विश्लेषण : यादीत नसलेल्या इरशाळवाडीवर दरड कशी कोसळली? दरडीची जोखीम ठरवतात कशी?

माळीण (२०१४), तळिये (२०२१), इरशाळवाडी (२०२३). तिन्ही दुर्घटना जुलैतल्या, तिन्ही सह्याद्रीच्या उतारावरच्या. माळीणमध्ये १५१ जणांचा बळी गेला, तळियेत ८० हून अधिक. इरशाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले. ५७ बेपत्ता लोकांचा शोध अखेर थांबवावा लागला. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत इरशाळवाडीचे नावच नव्हते. मग ही जोखीम ठरवतात कशी?

दरड का कोसळते?

उतारावरची माती स्वतःच्या वजनाने खाली ओढली जाते; कणांमधले घर्षण आणि चिकटपणा तिला धरून ठेवतो. धरणारे बल भागिले ओढणारे बल म्हणजे ‘सुरक्षा गुणांक’. तो १ च्या खाली गेला की उतार घसरतो. सह्याद्रीत कठीण बेसाल्टवर मुरूम आणि मातीचा थर असतो. पावसाचे पाणी या थरात मुरते, पण कातळात सहज शिरत नाही. ते मध्येच साचते, मातीतला पाण्याचा दाब वाढतो आणि कणांची पकड सुटते.

धोका आणि जोखीम एकच का?

नाही. निर्मनुष्य डोंगरावर दरड कोसळली तर धोका तोच, पण जोखीम नगण्य. दरडीची शक्यता, तिच्या वाटेतली माणसे-घरे आणि होणारे नुकसान यांचा एकत्र विचार म्हणजे जोखीम.

यादीतून वाडी कशी सुटू शकते?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे देशव्यापी दरडप्रवणता नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर हा जमिनीवरचा ५०० मीटर. अख्खी वाडी त्यात काही मिलिमीटरची होते. असे नकाशे तालुका पातळीवरच्या नियोजनासाठी उपयोगी आहेत. एखादे घर सुरक्षित आहे का, हे सांगायला उतारावर जाऊन पाहणी आणि मातीची चाचणीच लागते. यादीत नाव नाही, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

उपाय काय?

सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय पाण्याचा निचरा. वरच्या बाजूला चर खणून पाणी वळवले, तर दाबच वाढत नाही. घाटरस्त्यांवर जाळ्या आणि आधारभिंती वापरतात. हे पुरेसे नसेल तर स्थलांतर. पण नव्या जागेचीही तपासणी हवी. माळीणचे पुनर्वसन झालेल्या गावात २०१७ च्या पहिल्याच पावसात रस्ते खचले होते.

तुम्ही काय पाहाल?

जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा, कलणारी झाडे-खांब, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, अडकू लागलेली दारे. मुसळधार पावसात यातले काहीही दिसले तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नका. उताराच्या खाली न धावता बाजूला निघा आणि तहसील कार्यालयाला कळवा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२४ मध्ये ‘भूस्खलन’ हे मोबाइल अॅपही सुरू केले आहे.