कौल मागणाऱ्यांची जबाबदारी

सिंदीच्या फलाटावर नागपूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत चार माणसे उभी राहिली, की पाऊस, कापूस आणि स्वतंत्र विदर्भ हे तीन विषय बहुधा निघतातच. तिसऱ्या विषयाचा शेवट ठरलेला असतो. कोणी तरी म्हणतो, “गुरुजी, एवढा वाद कशाला? एकदा लोकांनाच विचारून टाका ना!” सूचना रास्त आहे. परंतु श्रोतेहो, लोकांना विचारणे वाटते तितके सोपे नाही. प्रश्न सरळपणे विचारला गेला आणि उत्तर देणाऱ्यापुढे खरी माहिती ठेवली गेली, तरच त्या उत्तरास काही मोल असते. हा सरळपणा म्हणजे नेमके काय, याचा विचार आज आपण करू.

निवडणूक आणि सार्वमत यांत एक मूलभूत भेद आहे. निवडून दिलेला प्रतिनिधी वचनास जागला नाही, तर पाच वर्षांनी त्यास घरी बसविता येते. राज्याची सीमा मात्र एकदा बदलली, की ती पाच वर्षांनी पूर्ववत होत नाही. शिवाय सार्वमतात वचन देणारा एक आणि ते पाळण्याचा भार ज्याच्यावर पडावयाचा तो दुसराच, असे पुष्कळदा घडते. म्हणून निवडणुकीतील थापेपेक्षा सार्वमतातील थाप अधिक घातक ठरते.

आपल्या देशात या बाबतीतला सर्वांत बोलका अनुभव गोव्याचा आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला आणि लवकरच, तो महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हा वाद उभा राहिला. संसदेने १९६६ च्या डिसेंबरात त्यासाठी कायदा केला व १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासनासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी विलीनीकरण नाकारले गेले. महाराष्ट्रातील अनेकांस हा निर्णय जिव्हारी लागला. पण तो सर्वांनी मानला, ही गोष्ट लहान नव्हे.

तो मानला जाण्यास एक कारण होते. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते. त्यांच्याच हाती शासनयंत्रणा असताना कौल निःपक्ष कसा होणार, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. तेव्हा मतदानापूर्वीच बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. खेळणाऱ्याने पंचाची जागा सोडली. पुढे त्याच वर्षी झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत गोमंतकीयांनी बांदोडकरांच्याच पक्षास पुन्हा सत्ता दिली. ‘तुमचे मत आम्हांस मान्य नाही, परंतु तुमचा कारभार हवा’ असा हा विवेक होता. सामान्य मतदारास दोन प्रश्नांतील फरक कळत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

तथापि गोव्यातही सर्वच काही निर्मळ होते असे नाही. विलीनीकरण झाल्यास गोव्यावर दारूबंदी लादणार नाही, नोकऱ्यांत गोमंतकीयांस अग्रक्रम देऊ, अशा अर्थाची आश्वासने महाराष्ट्रातील नेत्यांनी दिली होती. त्यांचा हेतू वाईट होता असे नव्हे. परंतु आजच्या मंत्रिमंडळाचा शब्द दहा वर्षांनंतरच्या मंत्रिमंडळास बांधील असेल, हे कोण सांगणार? उलट बाजूसही अशीच उणीव होती. मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते. स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय नव्हताच. दोन पानांवर शिक्का मारला की घटक राज्याचा मार्ग मोकळा होईल, अशी आशा ज्यांनी धरली, त्यांस ३० मे १९८७ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. प्रश्नात जे नाही ते उत्तरातून लगेच मिळत नाही, हे मतदारास आधी सांगणे हाही प्रामाणिकपणाचाच भाग होय.

आता थोडे दूर, स्कॉटलंडकडे पाहू. ब्रिटनपासून वेगळे व्हावे काय, असा प्रश्न तेथील जनतेस १८ सप्टेंबर २०१४ रोजी विचारला गेला. शेकडा ८४ हून अधिक लोकांनी मतदान केले. सुमारे ५५ टक्क्यांनी ‘नको’ म्हटले व ४५ टक्क्यांनी ‘हवे’. स्वातंत्र्यवाद्यांचा हिशेब उत्तर समुद्रातील तेलावर बराच अवलंबून होता आणि तेलाचा भाव पिंपामागे ११० डॉलरच्या आसपास धरला होता. १९१६ नव्हे, २०१६ च्या जानेवारीत, म्हणजे दीड वर्षाच्या आतच, तो भाव ३० डॉलरच्याही खाली गेला. ऐक्यवादी सांगत होते, की युरोपीय संघातील स्थान सुरक्षित ठेवावयाचे असेल तर ब्रिटनमध्येच राहा. पुढे २३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने तो संघच सोडण्याचे ठरविले. स्कॉटलंडमधील शेकडा ६२ मते संघात राहण्याच्या बाजूची होती, तरी ३१ जानेवारी २०२० रोजी त्यासही बाहेर पडावे लागले.

येथे दोन्ही पक्षांस सरसकट खोटे बोलणारे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचा दोष निराळा होता. तेलाचा भाव एकाच्या हाती नव्हता आणि उद्याच्या ब्रिटिश मतदाराचे मन दुसऱ्याच्या हाती नव्हते. तरीही दोघांनी अंदाजास हमीचे रूप दिले. सार्वमताच्या प्रचारातील खरा धोका हाच. उघड असत्य पकडता येते. हमीच्या वेषातला अंदाज पकडणे कठीण असते.

आता आपल्या दाराशी येऊ. विदर्भाबाबत १९४७ चा अकोला करार झाला, १९५३ चा नागपूर करार झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरास, अशी कलमे त्यात होती. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. या साऱ्यात पुढाऱ्यांच्या सह्या झाल्या, सामान्य मतदारास मात्र कोणी विचारले नाही. तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, विभागांचा अनुशेष मोजण्यासाठी दांडेकर समिती नेमावी लागली. १९९४ मध्ये विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले. ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली.

माझे स्वतःचे मन स्वतंत्र विदर्भाकडे झुकते, हे मी लपवीत नाही. म्हणूनच माझ्या बाजूच्या मंडळींची झडती मी आधी घेतो. आपल्याकडे कोळसा आहे, वीज आहे, जंगल आहे, म्हणून नवे राज्य आपोआप संपन्न होईल, असे आम्ही म्हणतो. मग राज्याच्या कर्जाचा आपल्या वाट्यास येणारा भाग किती, निवृत्तिवेतनाचा भार किती, हेही आम्हीच सांगावयास हवे. आणि जे म्हणतात की एकत्र राहा, अनुशेष भरून निघेल, त्यांनी तो कोणत्या वर्षापर्यंत, कोणाच्या तिजोरीतून आणि न भरल्यास उपाय काय, हे सांगावे.

आमच्या सिंदीचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. मुले लाकडी बैल सजवून मिरवितात. मोठी देखणी जनावरे असतात ती. पण दुसऱ्या दिवशी त्यांना वखराला जुंपावे असे कोणा शेतकऱ्याच्या मनातही येत नाही. प्रचारातील पुष्कळशी वचने अशीच असतात. मिरवणुकीत त्यांचे कौतुक करावे, परंतु त्यांच्या भरवशावर पेरणीचा बेत करू नये.

शाळेत गणित शिकविताना मी नुसत्या उत्तरास गुण देत नसे. रीत मागत असे. रीत बरोबर असून बेरीज चुकली, तर अर्धे गुण तरी मिळत. कौल मागणाऱ्यांकडेही आपण रीतच मागावी. हे तुमच्या हाती आहे काय? याला बांधील कोण? आणि तसे न घडल्यास पुढे काय? हे तीन प्रश्न विचारण्यास कायदा लागत नाही की सार्वमताची तारीखही लागत नाही. फलाटावर गाडीची वाट पाहतानासुद्धा ते विचारता येतात. आणि आपल्याच बाजूच्या माणसास ते आधी विचारावेत.