शेवटची पायरी वॉर्डात

मीरा-भाईंदरच्या एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या अंगाला उत्तनचा किनारा, मधे खाडी, मिठागरे आणि त्यांना येऊन भिडलेल्या इमारती. अशा शहरात साप निघणे ही बातमी नव्हे. त्यामुळे टेंभ्याचे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय असो वा काशीमिऱ्यातला खासगी दवाखाना, सर्पदंशाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: एएसव्हीचा, म्हणजे सर्पविषावरच्या प्रतिविषाचा, साठा आहे का? प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. कपाटातली कुपी म्हणजे अजून पुरते न झालेले औषध. तिची शेवटची पायरी कारखान्यात नव्हे, वॉर्डात, सिस्टरच्या हातून पूर्ण होते, आणि तिकडे आपण निर्मितीचा भाग म्हणून पाहतच नाही.

मुंबईतल्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतले हे औषध कसे बनते ते पाहा. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा वाढवत वाढवत टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार झाली की रक्तद्रव वेगळा काढतात, पेप्सिनने प्रतिद्रव्यांचा नको तो तुकडा छाटतात, शुद्ध करतात आणि गोठवून सुकवतात. हाती येते पांढरी भुकटी. ती १० मिलीलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवायची, पण खोकल्याच्या औषधासारखी खळखळ हलवून नाही. फेस आला की प्रथिने बिघडतात, म्हणून कुपी तळव्यांत हलकेच फिरवायची. मग ती सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात शिरेवाटे द्यायची. एक मिलीलिटर प्रतिविष नाग किंवा घोणस यांचे ०.६ मिलिग्रॅम, मण्यार किंवा फुरसे यांचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करते. सुरुवातीलाच दहाएक कुप्या लागतात. मूल असले तरी मात्रा तेवढीच, कारण हिशेब वजनाचा नसून शरीरात गेलेल्या विषाचा. शिवाय प्रथिन घोड्याचे, तीव्र ॲलर्जीचा धोका असतो, म्हणून ॲड्रेनॅलिन हाताशी भरून ठेवावेच लागते.

यात विशेष ते काय, सिस्टर रोज इंजेक्शने भरतातच, असे कोणी म्हणेल. एक कुपी भरणे सोपे आहे, हे मान्य. पण मध्यरात्री, पापण्या मिटू लागलेल्या रुग्णाशेजारी, नातेवाइकांच्या गराड्यात दहा कुप्या न चुकता, निर्जंतुकपणे तयार करणे हे वेगळे काम आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: तयार द्रवरूप प्रतिविषच पुरवा. ते मिळतेही, पण त्याला २ ते ८ अंशांचा अखंड थंडावा लागतो. भुकटी कोरड्या, थंड जागी तग धरते, म्हणून वीज जाणाऱ्या केंद्रांनाही ती परवडते. भुकटी पत्करली की विरघळवण्याची जबाबदारीही आलीच. कर्करोगावरची जैविक औषधे मोठी रुग्णालये वेळ ठरवून, बंदिस्त कक्षात तयार करतात. सापाची वेळ मात्र ठरलेली नसते.

हाताळणीतल्या चुकीची किंमत हाफकिनच्याच इतिहासात नोंदलेली आहे. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस दिली गेली आणि १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका ती लस बनवणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेवर आला, तिचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांना पद गमवावे लागले. पुढे दिसले ते असे की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडले. तरीही हे उलगडू शकले, कारण सर्व मृतांना टोचलेली लस ५३-एन या एकाच बाटलीतली होती आणि तशी नोंद होती. त्याच दिवशी इतर बाटल्यांतली लस घेतलेले गावकरी सुखरूप राहिले होते. म्हणून साठ्याच्या हिशेबाबरोबर आणखी दोन गोष्टी मागायला हव्यात: सर्पदंशाचा वेगळा तयार ट्रे, आणि केस पेपरवर प्रत्येक कुपीचा बॅच नंबर, विरघळवल्याची वेळ व ते करणाऱ्याची सही.