उन्हाची जखम आणि एक जनुक

वसतिगृहातील मुलांचा बराचसा दिवस मैदानावर जातो. उन्हाने मुले रापतात, पण आजारी पडत नाहीत, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत खरे ठरावे म्हणून पेशींमध्ये केवढी खटपट चाललेली असते, याची कल्पना यावी यासाठी एका जनुकाची ही ओळख.

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. पेशी दुभंगण्यापूर्वी त्याची संपूर्ण प्रत काढली जाते. उन्हातील अतिनील किरणांमुळे या मजकुरातील शेजारशेजारची दोन ‘थायमिन’ अक्षरे एकमेकांस चिकटतात. असे पुष्कळ बिघाड पेशी कापून काढते व ती जागा पुन्हा भरते. परंतु दुरुस्ती होण्याआधीच प्रत काढण्याचे काम तेथवर पोहोचले तर? प्रत काढणारे मुख्य विकर अत्यंत काटेकोर असते. विद्रूप अक्षर समोर येताच ते जागीच थांबते. प्रत अर्धवट राहिली तर पेशी मरते किंवा गुणसूत्र तुटते.

अशा वेळी ‘पॉलिमरेज ईटा’ हे दुसरे विकर पुढे येते. सहाव्या गुणसूत्रावरील ‘पीओएलएच’ या जनुकावरून ते घडते. 713 अमिनो आम्लांची ही साखळी. त्याची काम करण्याची खोबण ऐसपैस असल्याने चिकटलेली दोन्ही अक्षरे तीत एकदम मावतात. त्यांच्यासमोर ते दोन ‘अॅडेनिन’ बसवते, म्हणजे नेमकी योग्य अक्षरे, आणि थोडे पुढे जाऊन बाजूला होते. गंमत अशी की धडधाकट धाग्यावर हेच विकर पुष्कळ चुका करते, आणि केलेली चूक तपासण्याची सोयही त्याच्यात नाही. म्हणून अडचणीच्या जागेपुरतेच त्यास काम मिळते. काटेकोर लेखनिक जेथे अडतो, तेथे हा ढिसाळ लेखनिक अचूक ठरतो!

या विकराचे मोल ते नसलेल्या माणसांमुळे कळले. ‘झेरोडर्मा पिगमेंटोसम’ या विकाराचे वर्णन व्हिएन्नातील मोरिट्झ कापोसी यांनी एकोणिसाव्या शतकातच केले होते. या रुग्णांत डीएनएची दुरुस्ती होत नाही, हे 1968 मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी दाखविले. तथापि सुमारे एक पंचमांश रुग्णांत दुरुस्ती व्यवस्थित होती, तरीही त्यांना त्वचेचा कर्करोग होई. हे कोडे 1999 मध्ये सुटले. जपानमध्ये फुमिओ हानाओका यांच्या आणि अमेरिकेत लुईस व सत्य प्रकाश यांच्या गटाने स्वतंत्रपणे दाखवून दिले की, या रुग्णांत पीओएलएच जनुकच बिघडलेले असते. प्रकाश गटाला वाट सापडली ती पाव फुगविणाऱ्या यीस्टमधील तशाच जनुकावरून. विकर नसले की त्याची जागा दुसरी विकरे घेतात, चुकीची अक्षरे बसवितात, आणि त्या चुका पेशीत साचत जातात.

पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. विकाराच्या या प्रकारात मूल उन्हाने चटकन भाजत नाही, म्हणून शंका येत नाही. चेहऱ्यावर व हातांवर ठिपके वाढत जातात, आणि कर्करोग बहुधा तरुणपणी किंवा त्यानंतर दिसतो. सावळ्या वर्णाने थोडे संरक्षण मिळते, पुरेसे नव्हे. भारतातही हे रुग्ण आहेत.

आपल्याकडे मुलाच्या जन्मजात व्यंगासाठी आईने ग्रहण पाळले नाही असे म्हणण्याची चाल अजून गेलेली नाही. येथे ग्रहणाचा काडीमात्र संबंध नाही. सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडूनही यावी लागते, आणि ते दोघेही स्वतः निरोगी असतात. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता चारांत एक. मामेबहीण किंवा आतेबहिणीशी लग्न झाले असता दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो, हे मात्र खरे.

निदान झालेल्या मुलास शाळा सोडावी लागत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, अतिनील किरण अडविणारा चष्मा व मलम, त्वचारोगतज्ज्ञाकडून नियमित तपासणी, खेळ दिवस मावळल्यावर. आणि वर्गात खिडकीपासून दूरची जागा, कारण साध्या काचेतूनही अतिनील किरणांचा काही भाग आत येतोच.