घरधन्याचे नाव

संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ साली ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन म्हणून मुक्रर केला. आपल्या देशात २०२१ पासून बिरसा मुंडा यांची जयंती, १५ नोव्हेंबर, जनजातीय गौरव दिवस म्हणून पाळली जाते. वर्षातून असे दोन दिवस आले, तरी शाळाशाळांतून जे घडते ते बहुधा एकच असते. मुलांच्या कमरेला पाने, डोक्यावर कोंबड्याची पिसे, हाती पुठ्ठ्याचे तीरकमान. नाच होतो, टाळ्या पडतात, खाऊ वाटला जातो. ज्यांच्या नावाने हा सोहळा व्हावयाचा, ते मात्र शाळेच्या कुंपणापलीकडे रोजंदारीवर गेलेले असतात.

हा विचार मनात येण्यास निमित्त सुरतेचे पांडेसरा. एके काळचे हे शेतीचे गाव आज रंगाई-छपाईच्या गिरण्यांनी भरून गेले आहे. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार आणि आपला खानदेश येथून आलेल्या कामगारांनी येथील गल्ल्या गजबजलेल्या आहेत. धुळे, नंदुरबार, जळगावची माणसे तापीच्या काठाने, उधना-जळगाव लोहमार्गाने आली आणि येथलीच झाली. त्यांच्या मुलांसाठी सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परदेशी राहूनही आपली भाषा टिकविणाऱ्या या मंडळींचे कौतुक आम्ही अनेकदा ऐकतो. परंतु ज्या भूमीवर ती टिकली त्या भूमीचे मूळ रहिवासी कोण, हा प्रश्न त्या वर्गांतून कितीदा विचारला जातो?

ते रहिवासी म्हणजे प्रामुख्याने हळपती. दक्षिण गुजरातेतील गावागावांच्या कडेला जो 'हळपतीवास' दिसतो, तो त्यांचा. पूर्वी त्यांना 'दुबळा' म्हणत. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढावे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, त्याच्या शेतावर 'हाळी' म्हणून राबावे, अशी ही रीत होती. गांधीयुगातील सेवकांनी 'हळपती', म्हणजे नांगराचा धनी, हे नाव रूढ केले. नाव बदलले, नांगर मात्र दुसऱ्याचाच राहिला. १९४८ च्या कूळकायद्याने कुळांस जमिनीचा हक्क दिला. पण हाळी हा कूळ नव्हता, गडी होता, म्हणून त्याच्या पदरी काही पडले नाही. पुढे शहर पसरले, शेते विकली गेली. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला मोबदला कुठला? अनुसूचित जमातींच्या यादीत आजही 'दुबळा, तलाविया, हळपती' अशी नोंद आहे. म्हणजे शाळकरी पोराच्या हातातल्या दाखल्यावर तो जुना शब्द उमटण्याची सोय अद्याप शाबूत आहे.

किनाऱ्यावरील आमच्या वाचकांना ही कथा परकी वाटू नये. डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांना लग्नाच्या कर्जापायी असेच 'लग्नगडी' व्हावे लागे. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली उठले ते याच जाचाविरुद्ध. उंबरगाव तालुका तर १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. त्याहूनही जुना धागा आहे. १९२२ च्या सुमारास पालघर किनाऱ्यावरील मांगेल्यांत देवी अंगात येऊ लागली. देवीच्या कोपाच्या, म्हणजे साथीच्या, भयातून निघालेली ती लाट डोंगर ओलांडून सुरत जिल्ह्यात पोहोचली. तेथील आदिवासींना तिने दारू सोडा, नित्य स्नान करा, दारूविक्रेत्यांच्या कामास जाऊ नका, असे बजाविले आणि हजारोंनी ते मानले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. आमच्या किनाऱ्यावरून गेलेली ही देवी आमच्या किती शिक्षकांना ठाऊक आहे?

आता जरा कडू बोलावे लागते. खानदेशी माणसाच्या सुरतेकडील ओढीत या हळपतींचेही काही गेले आहे. बारडोलीच्या साखर कारखान्यासाठी ऊस तोडावयास टोळ्या आणल्या गेल्या त्या खानदेशातून. दारातल्या हळपतीला ते काम मिळाले नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी हे तपशिलाने नोंदविले आहे. यात टोळीवाल्याचा दोष नाही. तोही उपाशीच निघालेला असतो, आणि अनेकदा स्वतः भिल्ल वा कोकणा असतो. दोघा उपाशांना एकमेकांसमोर उभे करून मजुरी खाली ठेवणारा तिसराच. पण त्या व्यवहारात आपल्या बाजूला काय आले, हे मुलांपासून लपवू नये.

आणि पाणी? सुरतेच्या नळाला येणारे तापीचे पाणी उकाई धरणातून सुटते. १९७२ साली पूर्ण झालेल्या त्या धरणाखाली दीडशेहून अधिक गावे गेली. त्यांत गामीत, वसावा यांची घरे होती. कॅनडात अनेक शाळांचा दिवस मूळ रहिवाशांच्या भूमीचा उल्लेख करून सुरू होतो. तेथेही तक्रार आहेच की, रोज म्हटलेले वाक्य हळूहळू प्रार्थनेसारखे पाठ होते आणि अर्थ हरवतो. तेव्हा नकलेची गरज नाही. परंतु पाणी पिण्याच्या टाकीवर उकाई हे नाव आणि बुडालेल्या चार गावांची नावे लिहावयास शाळेला कोणाची परवानगी लागते?

पुढच्या ९ ऑगस्टला पांडेसऱ्याच्या एखाद्या मराठी शाळेने पिसांचे मुकुट पेटीत ठेवावे, आणि आसपासच्या हळपतीवासातील एखाद्या वृद्धेस, तिची त्या दिवसाची मजुरी बुडू न देता, वर्गात खुर्ची द्यावी. गिरण्यांखाली गेलेल्या शेतांची, तळ्यांची, देवस्थानांची नावे मुलांनी तिच्या तोंडून ऐकून वहीत उतरून घ्यावी. बाई गुजरातीत बोलेल. गुरुजींना एखादा शब्द अडला, तर मुले त्यांना सांगतील.