मोठे इंजिन बसवण्याआधी वहीत हिशोब मांडा

जयगडच्या जेटीवर फेरीबोट लागली की तवसाळकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत पांढरी ओम्नी व्हॅन हमखास दिसते. आमच्या वाडीतल्या एका होतकरू तरुणाची ती गाडी. पहाटे रत्नागिरीहून पाव, बटर, खारी आणायची आणि गावोगाव दुकानांना पोचवायची, असा त्याचा धंदा. रात्री-अपरात्री कोणाला कळा सुरू झाल्या किंवा कोणाला फुरसे चावले, तर हीच गाडी रत्नागिरीच्या सिव्हिलकडे धावते. त्यामुळे गाडी त्याची असली तरी गरज सगळ्या वाडीची आहे.

ही २०१४ सालची व्हॅन त्याने पतपेढीचे कर्ज काढून जुनी घेतली. त्या कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून आमची सही आहे. म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर तो एके संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन बसला, तेव्हा आम्हीही कान टवकारले.

"मामा, गाडी चढणीला मरते. तापली की दमच धरत नाही. मेस्त्री म्हणतो कॉम्प्युटर गेला. त्यापेक्षा जिप्सीचं जुनं तेराशेचं इंजिन टाकू, कार्बुरेटरवालं. स्क्रू-ड्रायव्हरनं दुरुस्त होतं. कुर्ल्याला भंगारात मिळतं."

"खर्च किती?"

"पासष्ट हजार. पतपेढीकडून वाढवून घेऊ. तुम्ही सही द्याल ना?"

वाचकहो, नाही म्हणणे सोपे होते. पण त्याची अडचण खरी होती. जयगडला इंजेक्शनच्या गाड्यांचा स्कॅनर कोणाकडे नाही, गाडी बंद पडली की रत्नागिरी गाठावी लागते आणि दोन दिवसांची कमाई बुडते. म्हणून आम्ही म्हटले, आधी समजून घेऊ, मग सही.

दोन पद्धतींतला फरक

१९८४ साली मारुती व्हॅन आली तेव्हा ती कार्बुरेटरवरच चालत होती. कार्बुरेटरचे तत्त्व डास मारायच्या जुन्या हातपंपासारखे आहे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने गेली की तेथला दाब कमी होतो आणि बारीक जेटमधून पेट्रोल आपोआप ओढले जाते. यात वीज लागत नाही, अक्कलही लागत नाही. पण थंडी, ऊन, चढण काहीही असो, तो ठरल्या मापानेच पेट्रोल देतो.

इंजेक्शनमध्ये टाकीतला पंप पेट्रोल दाबाने पुढे पाठवतो. हवा किती आली, इंजिन किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, हे सेन्सर सांगतात आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे इंजेक्टर क्षणभर उघडतो. १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा, हे प्रमाण तो सांभाळतो. सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या प्रमाणावरच धूर शुद्ध करतो. २००० सालापासून देशभर धुराचे नियम कडक होत गेले, तसे मोटारींतून कार्बुरेटर गेले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि बहुतेक नव्या दुचाकींतूनही ते हद्दपार झाले.

आता मोठ्या इंजिनाची गोष्ट. जिप्सी १९८५ साली ९७० सीसीची होती, १९९६ साली तिला १२९८ सीसीचे कार्बुरेटरवाले इंजिन मिळाले, ताकद सुमारे ६० अश्वशक्ती. पुढे त्याच मापाच्या इंजिनाला इंजेक्शन आणि सोळा व्हॉल्व्ह बसले, तेव्हा ती ८० वर गेली. म्हणजे इंजेक्शनने ताकद मारली जाते हा समज खोटा. ओम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन सुमारे ३५ अश्वशक्तीचे, म्हणून तेराशेचा मोह पडतो, हेही तितकेच खरे.

इंजिन सीटखाली आहे

पण तेराशेचे इंजिन चार सिलिंडरचे आणि ओम्नीचे तीन सिलिंडरचे. लांबी वेगळी, म्हणून माउंटिंग कापून वेल्डिंग करावे लागते. गिअरबॉक्स, क्लच, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर जुळवावे लागतात. ब्रेक मात्र छोट्या इंजिनाच्या हिशोबाचेच राहतात.

सर्वांत मोठा धोका पेट्रोलचा. इंजेक्शनचा पंप सुमारे ३ बार दाबाने पेट्रोल देतो. कार्बुरेटरच्या सुईला त्याचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो. जुना पंप तसाच ठेवला तर कार्बुरेटर भरून वाहू लागतो. आणि ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. म्हणजे गळके पेट्रोल आणि तापलेले लोखंड ड्रायव्हरच्या बुडाखाली आणि मागे कोणाची तरी बाळंतीण! हे ऐकल्यावर पोराचा चेहरा उतरला.

अमेरिकेत हौशी मंडळी असे उद्योग करतात. पण त्यांच्याकडे हौसेची गाडी वेगळी आणि पोटाची वेगळी असते. आपल्याकडे दोन्ही एकच.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा असा बदल गाडीत करता येत नाही. सीएनजी किंवा एलपीजीचे मान्यताप्राप्त किट ही वेगळी बाब. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पासिंगला इंजिन नंबर जुळला नाही तर गाडी तेथेच अडकते. अपघात झाल्यास विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते ते वेगळेच.

वहीतला हिशोब

आम्ही कारकून माणूस, बी.कॉम.ची पदवी निदान अशा वेळी कामी येते. वही काढली. रोज १०० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २,५०० किलोमीटर. आज लिटरला १४ मिळतात, म्हणजे १७९ लिटर लागते. मोठ्या इंजिनाला १० धरले तर २५० लिटर. फरक ७१ लिटर. लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याला ७,१०० रुपये जादा. त्याचा कर्जाचा हप्ता ५,२०० रुपये!

"म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त नुसतं जाळायचं," तो स्वतःच म्हणाला. सही द्यायची की नाही हा प्रश्न तेथेच मिटला.

खरा दोष कोठे होता

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही त्याच्याबरोबर रत्नागिरीला गेलो. स्कॅनर लावला. त्यात कॉम्प्युटरचा दोष नव्हताच, मिश्रणात पेट्रोल कमी पडते एवढेच आले. दाब मोजला तर तो कमी होता. मग टाकीजवळ पंपाच्या अर्थिंगची वायर उघडली. खाऱ्या हवेने ती हिरवी पडून आतून कुजली होती. पेट्रोल फिल्टरही चोंदलेला. पंपाला पुरता विद्युतप्रवाहच मिळत नव्हता. सपाटीला चालून जाई, चढणीला पेट्रोलची मागणी वाढली की गाडी गळपटे. वायर, फिल्टर, स्कॅनर आणि मजुरी मिळून १,८५० रुपये झाले. परतताना निवळीपासून जयगडपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

आधीच्या मेस्त्रीलाही आम्ही दोष देत नाही. ज्याच्या हाती मोजायचे साधन नाही तो अंदाजच करणार.

आपल्या समाजात अनेक तरुण कर्जाच्या गाडीवर संसार चालवतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. दाब आणि स्कॅन मोजल्याशिवाय कॉम्प्युटर गेला हे मान्य करू नका. किनाऱ्यावर राहत असाल तर दर पावसाळ्यानंतर अर्थिंग आणि कनेक्टर साफ करून घ्या. टाकी पार कोरडी होऊ देऊ नका, आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. आणि इंजिन त्याच जातीचे बदलायचे असले तरी आधी आरटीओत लेखी विचारा.

पाचवी गोष्ट आईबापांसाठी. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स करणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर त्यांना इंजेक्शन आणि स्कॅनरचे काम मन लावून शिकू द्या. जयगडला असा एक जाणकार बसला तर पन्नास गाडीवाल्यांचा खाडा वाचेल आणि त्याचे स्वतःचे घर चालेल.

त्या पोराचा धाकटा भाऊ यंदा दहावी पास झाला आहे. आयटीआयचा फॉर्म भरायला तो आमच्याकडेच आला होता. त्यावर सही मात्र आम्ही आनंदाने केली.