कोणती यादी, मॅडम?

पहिल्या दिवशी वर्ग सुटताना मी मुलांना एक काम सांगते, "उद्या येताना यादी करून आणा." कसली यादी, किती नावांची, कुणासाठी, काहीच सांगत नाही. सगळे वहीत लिहून घेतात. "समजलं?" म्हटलं की जळगाव असो की धुळे, एका सुरात उत्तर येतं, "हो मॅडम." दुसऱ्या दिवशी कुणी वर्गमित्रांची नावं आणतं, कुणी स्वतःच्या चांगल्या सवयी, कुणी पाहिलेले सिनेमे. पारोळ्याकडच्या एका मुलाने तर किराण्याची यादी आणली होती. वजन, भाव सगळं लिहिलेलं असल्यामुळे तीच त्यातल्या त्यात कामाची होती. "कोणती यादी, मॅडम?" असं विचारणारं मात्र एखादंच निघतं.

कॉलेजं मला सॉफ्ट स्किल्स शिकवायला बोलावतात ती कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तोंडावर. मुलांना चार वाक्यं इंग्रजी बोलता यावं, हात कसा मिळवायचा, खुर्चीत कसं बसायचं ते कळावं, एवढी त्यांची अपेक्षा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये पदवीच्या मुलांसाठी ‘जीवन कौशल्य’ हा अभ्यासक्रम आखला. संवाद, व्यावसायिक कौशल्यं, नेतृत्व, मानवी मूल्यं असे त्याचे भाग आहेत आणि कागदावर तो चांगलाच दिसतो. सॉफ्ट स्किल्स ही कल्पना मुळात अमेरिकी सैन्याकडून आलेली. 1972 साली त्यांनी या विषयावर परिषद घेतली, तेव्हा तिथल्या एका अभ्यासकाने सरळ सांगून टाकलं की ज्या कामांची आपल्याला नीट माहिती आहे ती हार्ड आणि ज्यांची फारशी नाही ती सॉफ्ट. एवढा प्रामाणिकपणा नंतरच्या कुठल्याही पीपीटीत मला सापडला नाही.

माझं मत विचाराल तर खानदेशातल्या मुलांना नोकरीत इंग्रजी जितकं नडतं त्याहून जास्त हे न समजता दिलेलं ‘हो’ नडतं. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणारे कारखाने पुष्कळ. दाणा वितळवून पट्ट्या काढायच्या आणि त्या लूमवर चढवायच्या, असं ते काम. अशाच एका ठिकाणच्या सुपरवायझरने सांगितलेली गोष्ट. नव्या डिप्लोमावाल्या मुलाला रात्रपाळीला सांगितलं, "निळा माल आधी काढ." निळे दोन होते, गडद आणि आकाशी. मुलाला शंका आली होती, मोबाइलही खिशात होता. पण साहेब झोपले असतील, आणि एवढंही कळत नाही म्हणतील, म्हणून त्याने गडद निळा चढवला आणि पहाटेपर्यंत तोच विणला. ऑर्डर आकाशीची होती.

सुपरवायझर त्याला आळशी म्हणत होता. मला ते पटलं नाही. आळशी मुलगा रात्रभर लूमपाशी उभा राहत नाही. शाळेत शंका विचारली की "लक्ष कुठं होतं?" आणि घरात विचारली की "उलट बोलू नको," हे पंधरा वर्षं ऐकलेलं पोर कारखान्याच्या गेटमधून आत शिरल्याबरोबर बदलेल कसं?

म्हणून माझ्या वर्गात साहेब आणि नवा माणूस अशा जोड्या लावते. साहेबाने अर्धवट काम सांगायचं आणि दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं: "म्हणजे उद्या अकराच्या आत, फक्त धुळ्याच्या ग्राहकांची नावं, बरोबर?" आधी मराठीत, जमलं की इंग्रजीत. साहेब व्हायला सगळे तयार असतात. गंमत म्हणजे दहा मुलं साहेब झाली तरी दहाही जणांत एकच माणूस दिसतो. पायावर पाय, हातात फोन, समोरच्याकडे न बघता "चहा सांग रे." समोरचा उभ्या उभ्या आक्रसतो. हे कुणी शिकवलेलं नसतं. मुलींची एक गोष्ट मात्र ध्यानात आली. बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्या मुली हे लवकर उचलतात. घरून निघायची परवानगी मिळवताना कोणती गाडी, सोबत कोण, परत किती वाजता, या प्रश्नांना त्या रोज उत्तरं देतात, त्यामुळे कामाआधी विचारायचं काय असतं ते त्यांना ठाऊक असतं. त्यांची अडचण वेगळी. कंपनीच्या ड्राइव्हला ऐनवेळी उशीर झाला की शेवटच्या गाडीसाठी त्यांना मधूनच उठावं लागतं, आणि समोरचे लोक त्याला ‘इंटरेस्ट नाही’ समजतात.

ईमेल हा एक स्वतंत्रच विषय आहे. शाळेतला रजेचा अर्ज मुलांच्या हाडात मुरलेला. "वरील विषयास अनुसरून" हे इंग्रजीत करून मेल सुरू होतो, किंवा अख्खा मजकूर विषयाच्या चौकटीत आणि खाली मोकळं मैदान. बायोडाटा म्हणून मोबाइलने काढलेला कागदाचा फोटो, त्यात कोपऱ्यात अंगठा. हे चार दिवसांत सुधारतं.

ग्रुप डिस्कशनला वेळ लागतो. ‘सोशल मीडिया : शाप की वरदान’ दिलं की पाठ केलेली वाक्यं पडतात आणि खोली पेंगते. मेमध्ये पारा 45 च्या आसपास असताना सकाळी सातला बसलेली मुलंसुद्धा पेंगतात. एकदा विषय दिला, केळीचा भाव कोण ठरवतं? भाषा तुमची, मराठी, अहिराणी, काहीही. रावेरकडचा एक मुलगा, जो तोवर माझ्याशी फक्त मान हलवून बोलला होता, उठून केळीच्या नवती, पिलबाग, वापसी या प्रती, बऱ्हाणपूरचा भाव असं एका दमात मांडायला लागला. दुसऱ्याने त्याला अडवलं, "मग व्यापारी तोच भाव देतो का?" तिसऱ्याने दोघांना थांबवून गप्प बसलेल्या मुलीला विचारलं, तुमच्याकडे काय चाली राह्यनं? मुद्दा मांडणं, खोडणं, दुसऱ्याला बोलतं करणं, परीक्षक ज्याला गुण देतात ते सगळं तिथे झालं. आता हेच इंग्रजीत करायचं, म्हटल्यावर निम्मं गळालं, पण निम्मं उरलं.

मॉक इंटरव्ह्यूत आयटी कंपन्यांची नावं निघतात, त्यात विप्रो असतेच. तिची सुरुवात 29 डिसेंबर 1945 रोजी अमळनेरला वनस्पती तुपाच्या धंद्यातून झाली, हे अमळनेरच्या मुलांना घरच्यासारखं माहीत असतं. गावातल्या जुन्या शेअरवाल्यांच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या असतात. इंटरव्ह्यूत मात्र "आमच्या कंपनीबद्दल काय माहीत आहे?" या प्रश्नाला तीच मुलं वेबसाइटवरचा परिच्छेद म्हणून दाखवतात. गावची गोष्ट तिथे सांगायची असते, असं त्यांना वाटतच नाही. तसंच "मदर इज हाउसवाइफ." पुढे विचारलं की कळतं, आई कापूस वेचायला रोजाने जाते.

मागे एका डाळमिलच्या मालकांचा फोन आला. माझ्या वर्गातला एक मुलगा त्यांच्याकडे ऑफिसात लागला होता. "मॅडम, पोरगं चांगलं आहे, पण फार विचारतं. किती पोती, कोणत्या पार्टीला, केव्हापर्यंत. माणसं वैतागतात."

"विचारल्यामुळे काही बिघडलं का, भाऊसाहेब?"

"बिघडलं नाही. उलट एक ट्रक भलत्याच पार्टीकडे चालला होता, तो थांबला. पण सारखं विचारलं म्हणजे मालक कोण, तेच कळत नाही."

मी म्हटलं, मग दोन तास तुमच्या सुपरवायझरांसाठी ठेवूया. काम सांगायचं कसं, यावर. कॉलेजं पोरांना शिकवायला बोलावतात, त्यांच्या साहेबांना शिकवायला मला अजून कुणी बोलावलेलं नाही. ते हसले आणि "दिवाळीनंतर बघू" म्हणाले. दिवाळीनंतर कोणता वार, किती वाजता आणि किती माणसं, ते मी लगेच विचारून घेतलं.